गाडी मागे घेताना

पुण्यात गाडी मागे घेणाऱ्याला एकटं सोडायची पद्धत नाही. तुम्ही रिव्हर्स गिअर टाकायचा अवकाश, कुठूनसा एक गृहस्थ उगवतो, गाडीच्या मागे उभा राहतो आणि पंजा हलवत "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या" सुरू करतो. त्याला स्वतःला गाडी चालवता येते की नाही, हा प्रश्न गैरलागू असतो. चालवणारी बाई असेल तर दोन गृहस्थ उगवतात आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही. मग तुम्ही गाडीत बसून त्यांचा वाद मिटायची वाट बघायची.

मला याचा फार संताप यायचा. मी पन्नाशी उलटल्यावर गाडी शिकले. शाळेत मराठी शिकवता शिकवता मुलींना वाढवून, सासूबाईंचं आजारपण काढून झाल्यावर मला वाटलं, आता एक गोष्ट आपण कोणालाही न विचारता करावी. हे म्हणाले होते, "अगं, या वयात?" मी म्हटलं, "मग काय, पुढच्या जन्मात?" तेव्हापासून हे माझ्या शेजारी बसले की पायाखाली नसलेला ब्रेक दाबत असतात. पण दाबतात बिचारे मुकाट्याने. मला खरा अभिमान होता तो गाडी मागे घेण्याचा. पुढे काय, कोणीही जातं.

आमची सोसायटी धायरीत आहे, आणि ती ज्या जमिनीवर उभी आहे ती जमीन आबांची. म्हणजे होती. जमीन बिल्डरला दिली तेव्हा बदल्यात त्यांच्या घराला काही फ्लॅट मिळाले. त्यातल्याच एका पहिल्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ते मुलगा आणि सुनेबरोबर राहतात. वय पंचाहत्तरीच्या पुढचं, डोक्यावर पांढरी टोपी, धोतर, आणि बिनइस्त्रीचा पण स्वच्छ सदरा. सोसायटीतली लहानथोर सगळी त्यांना आबाच म्हणतात. सकाळचा चहा झाला की ते खाली उतरायचे ते जेवणाच्या हाकेपर्यंत पार्किंगमध्येच. जनरेटर ठेवला आहे तिथे त्यांची विहीर होती. मी राहायला आले त्याच आठवड्यात त्यांनी मला सांगितलं होतं, "तुमची गाडी लागती ना बाई, तितं लई कवळी गवार यायची." मी शाळेत शिकवते म्हणून ते मला बाई म्हणतात. शेताची राखण करण्यात उभा जन्म गेलेला. शेत गेलं, तरी राखण अंगातून गेली नव्हती. आता ते गाड्या राखायचे.

गाडी मागे घेणाऱ्याला सांगण्यात आबांचा हात धरणारं कोणी नव्हतं. इतर गृहस्थ पंजा हलवतात, आबा दोन्ही हात हलवायचे, बैलजोडीला मागे रेटावं तसे. "येऊ द्या... येऊ द्या... डावं मारा, डावं... हां... आनि थोडं... बास!" आणि 'बास'बरोबर डिकीवर एक सणसणीत थाप. ती थाप माझ्या डोक्यात जायची. त्यात इतरांच्या वेळी ते बाजूला उभे राहायचे आणि माझ्या वेळी अगदी मागे येऊन म्हणायचे, "घाबरू नका बाई, मी हाय." मी घाबरलेली नसायचे, मी चिडलेली असायचे. एकदा काच खाली करून मी म्हटलं, "आबा, मला दिसतंय सगळं."

"दिसत आसंल की," ते म्हणाले, "पर मागचं कुनाला दिसतंय?"

माझ्या गाडीला मागे काही आलं की टूंटूं वाजणारं यंत्र आहे. माझी जागा खांब आणि भिंतीच्या मधे, त्यात मागे आबा. ते सारखंच बोंबलायचं. मी गॅरेजमध्ये जाऊन त्याचा आवाज बंद करून आणला. गाडीतला आवाज बंद करता आला, आबांचा येत नव्हता.

तो मी सोसायटीच्या वार्षिक सभेत बंद केला. टँकरचं पाणी झालं, गॅलरीतून झटकलेल्या चादरी झाल्या, आणि 'आयत्या वेळचे विषय' आले तेव्हा मी उभी राहिले. म्हटलं, गाडी मागे घेताना लोक मागून ओरडतात, त्याने उलट गोंधळ होतो, याबद्दल एक पाटी लावावी. बऱ्याच बायकांनी माना डोलावल्या. चेअरमन म्हणाले, "मॅडम, मजकूर तुम्हीच द्या. तुम्ही मराठीच्या."

मला विचार करावाच लागला नाही. कदाचित तो मजकूर माझ्यात कित्येक दिवस तयारच असेल. मी तिथल्या तिथे सांगितला:

'वाहन मागे घेणाऱ्यास सूचना देऊ नयेत. चालकास आरसे आहेत, व डोळेही.'

'व डोळेही'ला टाळ्या पडल्या. बाहेरच्यांना हे कळणार नाही, पण या शहरात खोचक पाटी लिहिता येणं म्हणजे गाता येण्यासारखं आहे. चारजणांत आपली मान ताठ होते. पाटी लागली तशी लोकांनी तिचे फोटो काढले, ते फिरले, आणि कोथरूडच्या माझ्या मावसबहिणीने तो फोटो मलाच पाठवून खाली लिहिलं, 'बघ, अगदी तुझ्यासारखं कोणीतरी आहे.' मी आठवडाभर हवेत होते. सभेत आबांची सूनबाई मागच्या खुर्चीवर बसली होती. तिने टाळ्या वाजवल्या नव्हत्या. ते मी पाहिलं होतं आणि सोडून दिलं होतं. सगळ्या सोसायटीत ती पाटी एकाच माणसासाठी होती, हे तिला कळलं होतं आणि मलाही माहीत होतं.

पाटी लावली ती नेमकी माझ्या जागेशेजारच्या खांबावर. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघाले तर आबा तिच्यासमोर मान वाकडी करून उभे.

"काय लिवलंय वो बाई? चष्मा वर ऱ्हायला. समदी फोटू काढायला लागल्यात म्हून इचारलं."

'काही नाही आबा, असंच' म्हणता आलं असतं. 'उशीर होतोय, सूनबाईंना विचारा' म्हणता आलं असतं. मी वाचून दाखवलं. वर्गात वाचते तशा स्पष्ट आवाजात, आणि 'व डोळेही'च्या आधी थांबलेसुद्धा, टाळ्या तिथेच पडल्या होत्या म्हणून.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजी मी ओरडतो त्ये?"

"नाही हो आबा. सगळ्यांसाठीच आहे."

"बरं हाय की." त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. "तुमी लिवलंय का?"

"हो."

"आक्षर ग्वाड हाय."

अक्षर मशीनवर कापलेलं होतं. मी गाडीत बसले. आबा भिंतीपाशी जाऊन हात मागे बांधून उभे राहिले आणि मी गाडी मागे घेऊन, वळवून फाटकाबाहेर पडेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मला जिंकल्यासारखं वाटलं. सिंहगड रोडच्या गर्दीत अडकल्यावरही वाटत होतं.

काही दिवस ते कोणालाच काही सांगत नव्हते. मग लोकांनाच चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. गॅसच्या टेम्पोवाल्याने फाटकाचा खांब घासला. तिसऱ्या मजल्यावरचा आयटीतला मुलगा नवी गाडी घेऊन आला तेव्हा म्हणाला, "आबा, गाईड करा ना प्लीज, अजून हात बसला नाहीये." चेअरमन स्वतःच म्हणाले, "आबा, पाटीचं काय एवढं मनावर घेता? बोलत जा हो." तसे आबा पुन्हा बोलायला लागले. दोन्ही हात, येऊ द्या, डावं मारा, बास, थाप. सगळं पहिल्यासारखं, फक्त माझी गाडी सोडून.

माझी गाडी सुरू झाली की ते हात मागे बांधायचे, भिंतीला लागायचे आणि तोंड मिटायचे. त्यात राग नव्हता. एरवी ते माझ्याशी बोलायचे, शाळेची चौकशी करायचे, कंपाउंडच्या कडेला लावलेल्या चार वेलांची गवार कागदात बांधून द्यायचे. बाईंनी वाचून दाखवलं होतं, बाईंच्या गाडीला बोलायचं नाही, एवढंच. ज्या पिढीने मास्तरांचा शब्द पाळला त्या पिढीतले ते. मला ते कळत होतं. 'आबा, मलाही सांगत जा' एवढं म्हणायला माझी जीभ झिजली नसती. पण मीच म्हणणार म्हणजे माझीच पाटी मी खोडणार. मी म्हटलं नाही.

त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. पुतणीचं लग्न तोंडावर आलेलं, आणि मला आनंदनगरच्या टेलरकडे ब्लाऊजपीस टाकायचे होते. ते मी माझ्या नेहमीच्या कापडी पिशवीत भरले होते, जिच्यातून मी एरवी मुलांचे पेपर तपासायला घरी आणते. डिकीत रद्दीचे गठ्ठे ठेवायचे म्हणून पिशवी खाली, गाडीच्या मागे ठेवली. गठ्ठे ठेवले, डिकी लावली, तेवढ्यात टेलरचा फोन आला, येताय ना, मला बाहेर जायचंय. मी येते येते म्हणत गाडीत जाऊन बसले. पिशवी खालीच राहिली.

आबा भिंतीपाशी होते. मी त्यांच्याकडे बघून मान हलवली, त्यांनीही हलवली. मी काच वर केली, गाडी सुरू केली. उजव्या आरशात पाहिलं, डाव्या आरशात खांबाचं अंतर पाहिलं. मागचं दाखवणारा पडदा समोर होता, त्यावर उन्हाची तिरीप पडली होती आणि मी तिकडे बघायची तसदी घेतली नाही. मला आरसे होते. डोळेही होते. मी गाडी मागे घेतली आणि मागे काहीतरी लागलं. आवाज फार मोठा नव्हता. दार आपटलं तर याहून जास्त वाजतं. मला वाटलं, घासली खांबाला. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की आता हे काय म्हणतील.

मी उतरून मागे गेले. आबा कुशीवर पडले होते. टोपी लांब गेली होती. त्यांच्या एका हाताच्या मुठीत माझ्या पिशवीचा बंद होता.

तेच आधी बोलले. "बाई, आदी गाडी पुढं घ्या. सोगा आडकलाय."

त्यांच्या धोतराचा सोगा चाकाखाली गेला होता आणि त्यांना हलता येत नव्हतं. मी धावत जाऊन बसले. मला गिअर सापडेना. पुन्हा मागेच गेली तर, या भीतीने मी ब्रेकवरचा पाय उचलू शकत नव्हते. दार उघडंच होतं. मागून आबांचा आवाज आला, अगदी नेहमीचा, टेम्पोवाल्याला सांगतात तसा.

"हां... पुढं. घाबरू नका. हळू. येऊ द्या... आनि थोडं... बास."

मी त्यांनी सांगितलं तशी गाडी घेतली. त्यांचं ऐकून गाडी चालवण्याची ती माझी पहिली वेळ. 'बास' म्हणाले तिथे मी थांबले, आणि मग थाप पडली नाही, म्हणून मला रडू फुटलं.

वॉचमन आला, चेअरमन आले, सूनबाई जिन्यावरून अनवाणी धावत आली. मी माझ्या गाडीचं दार उघडून धरलं होतं. तिने ते पाहिलं आणि चेअरमनना म्हणाली, "काका, तुमची गाडी काढा." त्यांना न्यायला माझी गाडी नको, हे तिने मला न सांगता सांगितलं. मी मागून रिक्षाने गेले.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, या वयात हाड जुळण्यापेक्षा माणूस पुन्हा उभा राहणं महत्त्वाचं. उभे राहून चालायला लागले तर उत्तम, अंथरुणालाच खिळले तर मग काही सांगता येत नाही. काय सांगता येत नाही, हे आम्हाला सगळ्यांना कळलं. माझ्या सासूबाई अशाच गेल्या होत्या, पडण्याचं निमित्त होऊन. वॉर्डाबाहेरच्या बाकावर मी बसले तेव्हा माझ्या मनात एवढंच होतं: आबा पुन्हा पार्किंगमध्ये उभे दिसले पाहिजेत. पाहिजे तर रोज डिकीवर थापा मारू देत.

हवालदार जबाब घ्यायला आले. मी म्हटलं, "गाडी मी चालवत होते. मी मागे पाहिलं नाही." ते लिहू लागले, तर आबा पलंगावरून म्हणाले, "सायेब, तसं काय न्हाई. म्हातारा मानूस, माझाच त्वाल गेला. बाईंची गाडी हुबीच हुती." हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं, मग आबांकडे, आणि ज्याची कटकट कमी ते लिहून घेतलं. मी पुन्हा बोलायला तोंड उघडलं, तर आबांच्या मुलाने हाताने थांबवलं. "मॅडम, जाऊ द्या. आबांना त्रास होतोय." आणि मी थांबले. थांबले तेव्हा बरं वाटलं, हे मला लपवायचं नाही. खोलीत सगळे होते, आणि मला बरं वाटलं.

हवालदार गेल्यावर आबांनी मला जवळ बोलावलं. "बाई, पोरांचं पेपर नीट हायेत ना? चाकाखाली तर न्हाई ना आलं?"

त्यांना वाटलं होतं, पिशवीत पेपर आहेत. नेहमीची पिशवी त्यांनी ओळखली होती. पोरांचं वर्ष वाया जाईल म्हणून ते वाकले होते. आत ब्लाऊजपीस होते, एक अबोली, एक मोरपंखी, आणि अस्तराचं कापड.

"नीट आहेत आबा," मी म्हटलं.

"मंग झालं," म्हणून त्यांनी डोळे मिटले.

सोसायटीने मला सांभाळून घेतलं. मी कोणाला तोंड दाखवायला नको म्हणून जिन्याने जायचे, तर लोक थांबवून समजूत घालायचे. म्हाताऱ्या माणसाने गाड्यांत यायचंच कशाला. कोणाच्याही हातून झालं असतं. ह्यांनीसुद्धा एकदा तेच म्हटलं, "अगं, तुझ्या जागी कोणीही असतं तरी—"

"माझ्या जागी दुसरं कोणीही असतं तर आबा ओरडले असते," मी म्हटलं. ह्यांनी ताटातली भाकरी अर्धीच ठेवली.

चेअरमननी तर कमाल केली. त्यांना आणखी एक पाटी लावायची होती, पार्किंगमध्ये विनाकारण उभे राहू नये, अशा अर्थाची. "तुमच्यासारखी खोच आम्हाला जमत नाही. मॅडम, जरा बघता का?" मी म्हटलं, मला जमणार नाही. त्या संध्याकाळी मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन खाली गेले आणि खांबावरची माझी पाटी काढली. स्क्रू गंजले नव्हते, सहज निघाले. पाटी घरी आणून पलंगाखाली सारली. खांबावर भोकं राहिली. त्यांची नवी पाटी पुढे कोणी लावलीच नाही.

आबा घरी आल्यावर मी रोज जायला लागले. मऊ भात, सूप, पालेभाजी असं काहीतरी घेऊन. सूनबाई डबा घ्यायची, दुसऱ्या दिवशी धुऊन परत द्यायची, पण 'बसा' म्हणायची नाही. मी आपणहून बसायचे. एके दिवशी आबा झोपले होते आणि ती कोथिंबीर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "काकू, एक बोलू?"

"बोल."

"ते ओरडले असते. तुम्हाला माहितेय. मांजर आडवं आलं तरी सगळी बिल्डिंग गोळा होईल असं ओरडायचे. पिशवी दिसल्यावर भिंतीपासनंच ओरडले असते. तुम्ही थांबला असता. त्यांना वाकायचं कामच नव्हतं." तिने निवडलेल्या काड्या कागदात गुंडाळल्या. "मी तेव्हा त्यांना म्हटलं होतं, आबा, त्यांच्या गाडीला पण बोलत जा, काही होत नाही. तर म्हणाले, बाईंना आवडत न्हाई."

सगळ्या सोसायटीत तीच एक मला माफ करत नव्हती, आणि खरं सांगते, तिच्या शेजारी बसलं की जरा श्वास घेता यायचा. तिच्यापाशी मला निर्दोष असल्याचं नाटक करावं लागत नव्हतं. मी उरलेली जुडी ओढून घेतली आणि निवडायला लागले. तिने ती परत मागितली नाही.

आबांना उभं करायला एक मुलगी यायची, व्यायाम शिकलेली. पहिल्यांदा त्यांना पलंगाच्या काठावर बसवलं तेव्हा ते वेदनेने पांढरे पडले. मी बाहेर जाऊन देवाला नाही नाही ते बोलले, आणि वर नवसही बोलले. मग हळूहळू पलंग ते दार, दार ते स्वयंपाकघर, आणि मग वॉकर घेऊन गॅलरीपर्यंत. त्यांची गॅलरी फाटकाच्या उतारावर उघडते. तिथे त्यांची खुर्ची लागली.

एका सकाळी मी घरात पोहे परतत होते आणि खालून हसण्याचा गलका आला. गॅसचा टेम्पो उतारावर मागे येत होता आणि वरून, पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून, आवाज सुटला होता. "येऊ द्या... येऊ द्या... आरं डावं मार की, डावं!" टेम्पोवाला डोकं बाहेर काढून हसत होता, वॉचमन टाळ्या वाजवत होता, सूनबाई गॅलरीत तोंडाला पदर लावून उभी होती. मी गॅस बंद करून चावी घेतली आणि खाली धावले. मला कुठेही जायचं नव्हतं. मी नुसतीच गाडीत बसले, सगळ्या काचा खाली केल्या आणि गाडी सुरू करून मागे घ्यायला लागले. बोटभर घ्यायची, थांबायची. बोटभर घ्यायची, थांबायची. वरून काही आवाज आला नाही. उतारावर येऊन मी मान बाहेर काढून पाहिलं. गॅलरीत खुर्ची रिकामी होती. वाटलं, दमले असतील, आत गेले असतील.

पुढे ते खाली यायला लागले. वॉकर टेकत लिफ्टमधून, मग लिफ्टच्या दाराजवळच्या खुर्चीत. सगळ्या सोसायटीला सण झाल्यासारखं झालं. उभं राहून हात हलवता येत नव्हते, पण बसल्या जागेवरून ते सगळ्यांना सांगायचे, आणि 'बास' म्हणताना थाप खुर्चीच्या हातावर मारायचे. डॉक्टर म्हणाले होते, उभे राहिले तर उत्तम. ते उभे राहिले होते. मी नवस बोलले होते तो फेडला. मला वाटलं, आपण सुटलो.

मी शाळेला जायला गाडी काढली की ते खुर्चीत नसायचे, याकडे माझं लक्ष जायला थोडे दिवस गेले. मी जिन्याने खाली येताना दिसले की असायचे. "निगाला व्हय बाई?" म्हणून विचारायचे. मग मी गाडीपाशी जाऊन, पिशवी पुढच्या सीटवर ठेवून, मागे एक चक्कर मारून (हे आता मी न चुकता करते) आत बसेपर्यंत खुर्ची रिकामी झालेली असायची. शेवटी एका रविवारी मी गाडीकडे न जाता त्यांच्यापाशीच जाऊन बसले, पायरीवर.

"आबा, तुम्हाला एक सांगायचंय. त्या दिवशी पिशवीत पेपर नव्हते. ब्लाऊजपीस होते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांना हसू आलं. हसताना खुबा दुखला असावा, एका हाताने तो दाबून धरत म्हणाले, "आता गं! मी म्हनलं पोरांचं कल्यान केलं."

"हसू नका हो," मी म्हटलं. मला रडू येत होतं. "पाटीही काढली मी. पाहिलंत ना? आता मलाही सांगत जा. मला हवंय. तुम्ही ओरडा, डिकीवर थाप मारा, वॉकर मारा हवं तर."

आबांचं हसू गेलं. त्यांनी माझ्या गाडीकडे पाहिलं.

"बाई, तुमचा राग न्हाई माझ्या मनात. पोराची आन घेऊन सांगतो. चूक हुती मानसाची." ते वॉकरच्या दांडीवरून अंगठा फिरवत राहिले. "सांगावं म्हनून बसतो मी. रोज बसतो. पर तुमची गाडी निगायची म्हनलं की तोंडातनं शब्द फुटत न्हाई. हितं आडकतोय. आनि पाय... पाय आपसूक आत वळत्यात. मी न्हाई जात, त्येच जात्यात. दुसऱ्या कुनाच्या गाडीला न्हाई वो तसं."

मी त्यांचा हात धरला. तो थंड होता. वरून सूनबाईने चहाला हाक मारली, आणि मलाही मारली, पहिल्यांदाच.

आता आमचं रोजचं ठरून गेलं आहे, कोणी न ठरवता. मी खाली येते. आबा विचारतात, "निगाला व्हय बाई?" मी हो म्हणते. ते वॉकर पुढे घेतात आणि उठतात. टक, पाऊल, टक, पाऊल, असे लिफ्टमध्ये जातात. मी गाडीत चावी हातात धरून बसते. लिफ्टचं दार लागल्याचा आवाज येतो, मग गाडी सुरू करते. आरशात बघते, पडद्यावर बघते, मान वळवून बघते. मागे कोणी नसतं.